फुगवून चौऱ्याऐंशी

पहाटे पाचला पोलीस भरतीच्या मैदानावर पोरांची रांग लागलेली असते. शर्ट काढून हातात धरलेला, थंडीनं अंगावर काटा. टेप बगलेखालून फिरतो. ‘श्वास सोड,’ मोजणारा सांगतो. आकडा ७९ लागतो. ‘आता फुगव.’ पोरगा गळ्याच्या शिरा ताणून छाती भरतो. टेप ८४वर आला तर त्याचं नाव पुढच्या कागदावर चढतं. उंची १६५ सेंटिमीटर लागते. माझ्या मावसभावाला अर्धा सेंटिमीटर कमी पडायची धास्ती होती. झोपून उठल्यावर माणूस थोडा उंच भरतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. म्हणून आटपाडीहून निघताना तो मागच्या सीटवर आडवा झाला, तो मैदानाचं फाटक येईपर्यंत उठून बसला नाही. गाडी मी चालवत होतो. वाटेत आम्ही काही बोललो नाही.

उंचीत तो बसला, छातीतही बसला. १६०० मीटर धावताना मागे पडला. पुढच्या वर्षी भरतीची वयोमर्यादा उलटली आणि त्यानं जिम लावली. वर्षभरात त्याचे दंड माझ्या मांडीएवढे झाले. घरचे खूश होते. मला मात्र ते दंड पाहून गाडीतला आडवा पडलेला पोरगाच आठवत राहिला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतलं शरीर कमावण्याचं वेड समजून घ्यायला मी तिथूनच सुरुवात केली.

शरीर कमावणं आमच्याकडे नवं नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला बँटम वजनगटात कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या दोन मल्लांनी, कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी, प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. दोघेही हिंदकेसरी. यात्रेतलं मैदान, हलगीचा कडकडाट, नारळावर लागलेली पहिली कुस्ती, हे सगळं इथल्या माणसाच्या रक्तात आहे.

खाशाबांच्या बँटम गटाची मर्यादा ५७ किलोंची होती. आज कुठल्याही जिममध्ये ५७ किलोंचा पोरगा शिरला, तर ट्रेनर त्याला पहिल्याच दिवशी गेनरचा डबा दाखवतो. मधल्या सत्तर वर्षांत आपली नजर किती बदलली, ते या एका गोष्टीत दिसतं. खाशाबांचं बळ चपळाईत आणि डावांत होतं, आणि ते कळायला समोर दुसरा मल्ल लागायचा. एकट्यानं उभं राहून ते दिसण्यासारखं नव्हतं.

तालमीचं मोठं देणं मला इथेच दिसतं. हौद्यातली तांबडी माती ताक, लिंबू, हळद, कापूर घालून मुरवलेली असते. संध्याकाळी जोर-बैठका झाल्या की वस्ताद जोडी लावतो. ज्याच्या दंडाचं कालपर्यंत कौतुक होतं, त्याला आज एखादा लहानखुरा पोरगा ढाकेवर उचलून मातीत घालतो. सगळे बघत असतात. पडलेला उठतो, पाठीची माती झटकतो, पाडणाऱ्याच्या हातात हात देतो आणि पुन्हा उभा राहतो. असं दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं. तालमीत पोरगा जिंकायला शिकतो असं आपण म्हणतो. माझ्या मते तो तिथे आधी पडायला शिकतो. पडलं तरी आपण संपत नाही, हे पाठीला कळलेलं असतं. जिममध्ये कुणी कुणाला पाडत नाही. तिथे समोर फक्त आरसा असतो.

पण म्हणून तालमीला देव्हाऱ्यात बसवायला मी तयार नाही. बाईला हौद्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. खुराक परवडेना म्हणून कित्येकांनी घरचं रान विकलं. गुडघे गेलेले आणि कान मोडलेले पैलवान म्हातारपणी कुठल्या हलाखीत दिवस काढतात, ते गावानं पाहिलं आहे. निवडणुकीत पुढाऱ्यामागे उभं राहायला पैलवान लागायचे आणि निवडणूक सरली की त्यांची आठवण कुणाला राहायची नाही. खुद्द खाशाबा १९५५ साली फौजदार म्हणून पोलिसांत लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. पद्म पुरस्कार त्यांना आजवर मिळालेला नाही. आपण मल्लांवर प्रेम केलं ते त्यांच्या उमेदीपुरतं.

आणखी एक भीती तालमीनं जपली, ती धातूची. लंगोटाचा कस, ब्रह्मचर्य, ‘एक थेंब गेला की गेलं’ हे वस्तादाचं बजावणं. सकाळी उठून चादर तपासणारी, मनात झुरणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या झाली. एसटी स्टँडच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या आणि हरवलेल्या ताकदीच्या जाहिराती लिहिलेल्या असायच्या, त्या याच पोरांसाठी. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं: वीर्य जातंय या समजुतीनं येणारी अशक्तता, निरुत्साह, उदासी. शरीरात दोष नसतो, धास्ती मात्र खरी असते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर यांनी १९९२च्या ‘द रेसलर्स बॉडी’ या पुस्तकात बनारसच्या आखाड्यांत दूध, तूप आणि वीर्य यांची हीच साखळी दाखवली आहे. तेव्हा पूर्वीचे पुरुष निर्धास्त होते आणि आजचे बिचकलेले आहेत, हे बोलणं खोटं आहे. पूर्वीची धास्ती आतून काहीतरी गळून जाण्याची होती. आजची आहे ती चारचौघांत न दिसण्याची.

या दोन काळांच्या मधोमध औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी उभे आहेत. आज आपण सूर्यनमस्कार हजारो वर्षांचे म्हणून घालतो. पण त्यांना घराघरांत आणि शाळाशाळांत नेलं ते मुख्यतः सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या संस्थानाच्या अधिपतीनं, आणि त्याआधी ते भक्त होते युजेन सँडोचे. सँडो म्हणजे आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक, अंगाला पावडर फासून ग्रीक पुतळ्यासारखा मंचावर उभा राहणारा माणूस. १९०४-०५मध्ये तो भारतातही खेळ करून गेला. भवानरावांनी त्याच्याआधीच, १८९७च्या सुमारास, त्याचं पुस्तक वाचून व्यायामाची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमानं तो व्यायाम केला. म्हणजे डंबेल्स आपल्याकडे परवा आले असं मानणाऱ्यांनी औंधची टेकडी एकदा चढून यावं.

मग मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. या वळणाचं मोल फार मोठं आहे. सँडोचा व्यायाम साधनं विकत घेणाऱ्याचा आणि अंग दाखवणाऱ्याचा होता. नमस्काराला साडेतीन हात जमीन पुरते. राजेसाहेबांनी तो संस्थानातल्या शाळांतून मुलांबरोबर मुलींनाही लावला आणि राणीसाहेबही तो घालत. १९३८ साली त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ लंडनला निघालं. पुस्तकाचा विषय निरोगी राहणं हा होता. पुरुष म्हणून उठून दिसण्याची चिंता त्यात नव्हती. पुढे आपण सूर्यनमस्कार ठेवले आणि त्यांच्यामागची ही समज सोडून दिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच औंध संस्थानात कुंडल होतं, आणि बेचाळीसनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना कुंडलच्या परिसरातच उभी राहिली. कवायत, लाठी, रात्रीबेरात्री मैलोन्‌मैल पायपीट. तिथेही पोरांनी शरीर कमावलं, पण ते कशासाठी हे सांगायची कुणाला गरज पडली नाही.

आज सांगलीत विश्रामबागेत किंवा साताऱ्यात राजवाड्याकडे संध्याकाळी सातला जिमच्या पायऱ्या चढा. गाणी, निळे दिवे, घामाचा आणि रबराचा वास. पोरं सेट मारतात, मग शर्ट वर करून आरशासमोर उभी राहतात, फोन धरतात, पोट आत घेतात. तिथलं चांगलंही आधी सांगतो. रात्री पारावर दारू पिण्यापेक्षा पोरगा दोन तास वजन उचलतो, यात मला आनंद आहे. मधुमेह आणि रक्तदाबानं पोखरलेल्या भागात स्नायू राखणं हे औषधच आहे. कोल्हापूरच्या सुहास खामकर यांनी २०१० साली ‘मिस्टर आशिया’ किताब जिंकल्यावर दक्षिण महाराष्ट्रातल्या किती पोरांनी शिस्त म्हणजे काय ते पहिल्यांदा पाहिलं. उत्तम शरीरसौष्ठवपटूची मेहनत पैलवानापेक्षा तसूभर कमी नसते.

तरीही या खेळाचा गाभा जवळून पाहावा. स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत कित्येक जण मीठ तोडतात, पाणी तोडतात. कातडी स्नायूला चिकटावी आणि कट्स दिसावेत म्हणून. मग अंगाला तपकिरी रंग आणि तेल. मंचावर दिवे पडतात तेव्हा हा माणूस वर्षभरातला सर्वांत बलवान दिसतो आणि त्याच क्षणी तो सर्वांत अशक्त असतो. ओठ सुकलेले, पायांत गोळे आलेले, मागे पडद्याआड कुणीतरी खुर्ची घेऊन थांबलेलं. ॲलन क्लाइन या अभ्यासकानं कॅलिफोर्नियातल्या जिममध्ये काही वर्षं काढून १९९३ साली ‘लिटल बिग मेन’ लिहिलं. या अवाढव्य शरीरांच्या आत स्वतःला लहान समजणारी माणसं राहतात, असं त्यानं मांडलं. त्याच दशकात हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंड पिळदार असूनही स्वतःला काटकुळे समजणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. सैल स्वेटशर्ट घालणारे, आरसा टाळणारे किंवा दिवसभर आरशातच बघणारे. १९९७ साली या आजाराला ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव मिळालं आणि २०१३ साली मानसोपचाराच्या अधिकृत अमेरिकी सूचीत त्याला जागा मिळाली. माझा मावसभाऊ उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागला, तेव्हा मला वाटलं लाजतो. विचारल्यावर म्हणाला, ‘दादा, अजून भरलो नाही ओ मी.’

अंग भरण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आडपडदा न ठेवता लिहायला हवं, कारण आपल्याकडे यावर कुजबुजच चालते. डेका, डायनाबॉल, स्टॅनोझोलॉल, टेस्टोस्टेरॉन. पोरं याला ‘सायकल मारणं’ म्हणतात. पुरुषी संप्रेरक बाहेरून टोचलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी ओळखते की माल भरपूर आहे, आणि वृषणांना काम करायचा निरोप पाठवणं थांबवते. वृषणं आक्रसतात. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जास्तीचं संप्रेरक शरीरात स्त्रीसंप्रेरकात बदलतं आणि छातीत गाठ धरते. औषध सोडल्यावर स्वतःचं संप्रेरक परत यायला महिने लागतात आणि त्या महिन्यांत पोरगा खोल निराशेत जातो. हृदयाची भिंत जाडावते, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला जातं, यकृत बिघडतं. पुरुष दिसण्यासाठी घेतलेलं औषध बाप होण्याचीच वाट अडवतं, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी दवाखान्यात तपासणीला आधी बायकोला बसवलं जातं. हे मला फार जिव्हारी लागतं.

मेफेनटर्माइनची गोष्ट आणखी भयंकर आहे. पाठीच्या मणक्यात भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला तर तो सावरायला शस्त्रक्रियेच्या खोलीत वापरायचं हे इंजेक्शन. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते मिळू नये असा कायदा आहे. जोर चढावा म्हणून व्यायामाआधी पोरं ते शिरेत घेतात. काळीज धडधडतं, झोप उडते, संशय आणि भास सुरू होतात, आणि मग व्यायाम सुटतो, सुई राहते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याचे साठे पकडले गेले आहेत. हा आता व्यायामशाळेचा प्रश्न उरलेला नाही, हे व्यसन आहे. उत्तेजकांच्या बाबतीत तर देशानंच मान खाली घालावी अशी गत आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३च्या आकड्यांत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले. पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. आणि हे झाले तपासले गेलेले खेळाडू. गल्लीतल्या पोराला कोण तपासतो?

डब्यांबद्दल थोडक्यात. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांतल्या जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं जुळत नव्हतं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं अंग भरण्यासाठी अशा पावडरी टाळा, असं स्पष्ट सांगितलं. अंडी, दूध, शेंगदाणे, मटकी, हुलगे आपल्या घरात आहेत.

पण पोरं हे का करतात? मोबाइलवरच्या रील्सना दोष देऊन मोकळं होता येतं. मला ते अर्धवट उत्तर वाटतं. रील जगभर आहे, मात्र तिचा घाव कुठे खोल लागतो ते त्या-त्या मातीवर ठरतं. आमच्या मातीत तीन पिढ्यांत रानाचे तुकडे पडले. आजोबाचे दहा एकर नातवाकडे सव्वा एकर होऊन आले. २०२४च्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. सैन्य हा या भागाचा दुसरा आधार. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली, आणि अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्या नावातच तो अभिमान वागवतं. २०२२च्या अग्निपथ योजनेनंतर तिथेही चार वर्षांनी चौघांतल्या तिघांना घरी परतायचं आहे. पोरगा कमावता झाला की त्याला गडी म्हणायचे. कमाईच नाही तेव्हा गडी कशावरून म्हणायचं? दंडावरून. मला तरी यापेक्षा वेगळं कारण सापडलं नाही.

दुसरं कारण आपल्याच हातचं आहे. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. दहा वर्षांनी सांगलीचा आकडा कसाबसा ८६७वर आला. मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले. २००१ साली अंगणवाडीत बसलेली ती हजार पोरं आज पंचविशी ओलांडून लग्नाला उभी आहेत, आणि ज्या मुली त्यांच्या वर्गात हव्या होत्या त्यांतल्या कित्येक जन्मल्याच नाहीत. उरलेल्या मुली नोकरीवाला बघतात, पुण्यात घर असलेला बघतात. त्यांचं काय चुकलं? आईला उन्हात भांगलताना आणि सासरी राबताना त्यांनी पाहिलं आहे. डिसेंबर २०२२मध्ये शेजारच्या सोलापुरात नवरदेवाच्या वेशातल्या तरुणांनी बायको मिळावी म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. लोक हसले. मला हसू आलं नाही. दहा ठिकाणी पाहायला जाऊन नकार घेऊन आलेला तिशीचा पोरगा रात्री घरात तोंड दाखवत नाही. त्याला जिम हे एकच ठिकाण उरतं, जिथे केलेल्या कष्टाचं माप दर महिन्याला इंचात वाढलेलं दिसतं. बाकी कुठल्याच कष्टाला त्याच्या वाट्याला असं माप आलेलं नाही. तिथून त्याला उठवून लावायचा अधिकार मला वाटत नाही. त्याच्या हातातली सुई तेवढी काढून घ्यायला हवी.

काही चांगलंही याच मातीत घडतंय. मार्च २०२३मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. ज्या हौद्याजवळ बाईला येऊ देत नव्हते त्या हौद्याची ही लेक. पोरांच्या बाजूला सराव करणारी अशी पोरगी असली की बळ म्हणजे पुरुषपण ही जोडी आपोआप सुटायला लागते, असा माझा अनुभव आहे. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळेत असताना सायकलवरून पडला, एक हात कायमचा जायबंदी झाला. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यानं दुसऱ्या हातानं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. मावसभावाला मी ती फेक मोबाइलवर दाखवली. त्यानं तीनदा पाहिली आणि म्हणाला, ‘ह्याचा आमच्याच बाजूचा रस्ता.’

जिम चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: नव्या पोराला पहिल्या दिवशी डबा विकू नका, आणि तुमच्या जागेत सुई दिसली तर डोळेझाक करू नका. औषध दुकानदारांनी डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय अशी औषधं देऊ नयेत. आईबापांना, मोठ्या भावांना, मामांना सांगणं हे, की पोराच्या बॅगेत कुपी किंवा सिरिंज सापडली तर आधी शिव्या घालू नका आणि गावभर करू नका. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, तो जवळ नसेल तर साध्या फिजिशियनकडे न्या. संप्रेरकं, यकृत, चरबी आणि हृदय तपासून घ्या. बंद कसं करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या, आणि बंद केल्यानंतरचे तीन-चार महिने त्याला एकटं सोडू नका. कारण मन सर्वांत जास्त खचतं ते तेव्हाच. पोरगा घरात बोलत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची सेवा आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.